हूप लेनवरची वऱ्हाडी खानावळ

सत्कार कुणाचा करावा याचे आपल्याकडे काही संकेत ठरून गेलेले आहेत. देणगी देणाऱ्याचा करावा आणि त्याचे नाव शाळेच्या भिंतीवर संगमरवरात कोरावे. तुरुंगवास भोगून आलेल्याचा करावा, ग्रंथ लिहिणाऱ्याचा करावा. पण पैसे घेऊन जेवू घालणाऱ्या बाईचा? तिथे आपण अडखळतो. "तिनं काय फुकट वाढलं का?" असे कोणीतरी म्हणते, आणि विषय तिथेच मिटतो. आज मला तुम्हांला अशाच एका बाईची हकीकत सांगायची आहे. बाई आपल्या वऱ्हाडची, अक्षरओळख नसलेली. तिने खानावळ घातली ती मात्र लंडन शहरात. तिथल्या मराठी माणसांनी तिला जे नाव दिले, तेच पुढे तिचे खरे नाव होऊन बसले. ते नाव म्हणजे आजीबाई बनारसे.

मूळच्या त्या राधाबाई. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातल्या. जन्म १९१० च्या सुमाराचा. त्याच्या थोडे आधी, १९०५ पर्यंत, या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. अकोला, अमरावती, बुलढाणा आणि यवतमाळ हे तेव्हाचे चार जिल्हे म्हणजे वऱ्हाड, आणि वऱ्हाड म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असे लोक अजून म्हणतात. गंमत बघा, आपल्या पऱ्हाटीची बोंडे विलायतेला पोचली ती आपल्या माणसांच्या कितीतरी आधी. आणि सोने असले तरी ते मुलींच्या पाटीपेन्सिलीपर्यंत आले नव्हते. १९११ च्या शिरगणतीत साऱ्या हिंदुस्थानात शंभर बायकांमागे लिहिता-वाचता येणारी जेमतेम एक निघाली. शिक्षकबंधूंनी हा आकडा मुलांना फळ्यावर लिहून दाखवावा. उरलेल्या नव्याण्णवांमध्ये राधाबाई होत्या.

त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न लहानपणीच झाले. मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा अमलात आला तो १९३० साली. राधाबाईंच्या पिढीला त्याचा काय उपयोग? डहाक्यांच्या घरी त्या नांदल्या. पाच मुली झाल्या. आणि मग नवरा वारला.

पदरी पाच मुली, मुलगा एकही नाही, आणि बाई निरक्षर. याचा अर्थ खेड्यातल्या वाचकांना मी वेगळा सांगायला नको. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता वाटा देणारा कायदा १९३७ साली झाला, पण बहुतेक प्रांतांत शेतजमीन त्याच्या बाहेरच राहिली. मुलीला मुलाच्या बरोबरीने वारस धरणारा कायदा यायला १९५६ साल उजाडावे लागले, आणि तोही वडिलार्जित मिळकतीच्या बाबतीत अर्धामुर्धाच होता. पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच मुभा दिली होती. वऱ्हाडातल्या पुष्कळ समाजांत तर पाटाची, मोहतुराची चाल कायद्याच्याही आधीची. पण मुभा असणे वेगळे आणि पाच मुलींच्या आईला ठिकाण मिळणे वेगळे.

तसे ठिकाण आले ते थेट सातासमुद्रापलीकडचे. सीतारामपंत बनारसे हे लंडनला स्थायिक झालेले वयस्क विधुर गृहस्थ. त्यांच्याशी राधाबाईंचा दुसरा विवाह झाला. दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि राधाबाई पस्तिशीच्या आसपास होत्या. त्या लंडनला गेल्या. पुढे काही वर्षांतच सीतारामपंतही वारले. परका देश, परकी भाषा, आणि दुसऱ्यांदा आलेले वैधव्य. इतके सगळे एका बाईच्या वाट्याला आले म्हणजे एरवी गोष्ट इथेच संपते. इथे ती सुरू होते.

बाईंना येत काय होते? स्वयंपाक. तोच त्यांनी धंदा केला. भारतातून शिकायला आलेल्या मुलांना राहायला खोली आणि जेवायला ताट, असा तो व्यवहार. गोल्डर्स ग्रीन म्हणून लंडनच्या उत्तरेला एक वस्ती आहे. तिथल्या हूप लेन या रस्त्यावरचे आजीबाईंचे घर पुढे मराठी माणसांना इतके ओळखीचे झाले की पत्ता सांगताना नुसते 'आजीबाईंकडे' म्हटले तरी भागे.

या खानावळीचे मोल कळायला त्या काळचे लंडन डोळ्यांपुढे आणले पाहिजे. युद्ध जिंकलेल्या देशात लोक अर्धपोटी होते, हे आपल्याला आज खरे वाटत नाही. विलायतेत रेशन सुरू झाले जानेवारी १९४० मध्ये आणि ते पूर्ण उठले जुलै १९५४ मध्ये. म्हणजे लढाई थांबल्यावरही नऊ वर्षे रांगा होत्याच. आठवड्याला माणशी चहा सुमारे दोन औंस, म्हणजे आपले पाच तोळे. साखर आठ औंस, म्हणजे जवळपास पावशेर. जी पावरोटी युद्धाच्या ऐन धुमाळीत मोकळी होती, तीसुद्धा जुलै १९४६ पासून दोन वर्षे रेशनवर गेली. मांस न खाणाऱ्याने मांसाचा वाटा सोडला तर बदल्यात थोडे जास्त चीज मिळे. पाहुणा म्हणून राहणाऱ्याने आपले रेशनचे पुस्तक घरमालकिणीच्या हाती द्यायचे आणि तिने त्यावर सगळ्यांचे भागवायचे. मसाला आणि डाळ मोजक्या दुकानांत मिळायची. १९४७ च्या सुरुवातीला तर अशी थंडी पडली की कोळसा पुरेना, वीज तोडावी लागली. भाड्याच्या खोलीत गॅसच्या मीटरमध्ये नाणे टाकावे तेव्हा शेगडी पेटायची; नाणे संपले की शेगडीही विझली.

अशा शहरात विशीतला मराठी मुलगा उतरला म्हणजे त्याची काय गत होई? आधीच्या थोरांची उदाहरणे आपल्यापुढे आहेतच. मोहनदास गांधी १८८८ साली बॅरिस्टर व्हायला गेले. आईला शब्द दिलेला, मांस खायचे नाही. घरमालकिणीच्या अळणी उकडलेल्या भाज्यांवर त्यांचे पोट भरेना. शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले, तेव्हा वाचनालय उघडायच्या वेळी आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, असा त्यांचा क्रम होता. पोटात पुरेसे अन्न नसे. ज्या किंग हेन्रीज रोडवरच्या घरात ते राहत, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. ते योग्यच झाले. त्या घराचा विचार मनात आला की मला मात्र पुस्तकांच्या आधी रात्रीची भूक आठवते.

अन्नाबरोबर खोलीचाही प्रश्न होता. काळ्या-सावळ्या माणसाला खोली देणार नाही, असे तोंडावर सांगणारे घरमालक तिकडे भरपूर होते, आणि ते कायद्याविरुद्ध नव्हते! वर्णभेदाला मनाई करणारा तिथला पहिला कायदा १९६५ चा. त्यात हॉटेले आली, पण भाड्याची घरे आली नाहीत. घरे आणि नोकऱ्या आल्या त्या १९६८ च्या कायद्यात. म्हणजे आजीबाईंची खानावळ जोरात चालली होती, त्या काळात नव्याने आलेल्या भारतीय मुलाला दार बंद करणे हा घरमालकाचा हक्कच मानला जात होता. अशा वेळी एक दार उघडे होते आणि आतून मराठी ऐकू येत होते. हे दार उघडे ठेवायचे पैसे बाई घेत होत्या, हे खरे. पण ते उघडे होते, हे त्याहून मोठे खरे.

आता मघाचा आक्षेप पुन्हा घेऊ. पैसे घेतले ती सेवा कशी?

लंडन लांब वाटत असेल तर आपल्या अकोल्याकडे या. जठारपेठेसारख्या पेठेत तेल्हारा, पातूर, बार्शीटाकळीकडची मुले शिकायला येतात, खोली घेऊन राहतात आणि डबा लावतात. ज्या घरून डबा येतो तिथली बाईही पुष्कळदा अशीच कुठल्या तरी खेड्यातून पोट भरायला शहरात आलेली असते. महिन्याचे पैसे ठरलेले असतात. पण परीक्षेच्या तोंडावर मुलगा तापाने पडला तर डब्यात भाताची पेज जाते, तिचे पैसे कुठे लिहितात? कापूस विकला गेला नाही म्हणून बापाची मनिऑर्डर लांबली तर डबा दुसऱ्या दिवशीही येतो. त्या थांबण्याचे व्याज कोण लावते? खानावळीचा धंदा जरा जवळून पाहिला की कळते, त्यात वहीत लिहिलेला एक हिशेब असतो आणि न लिहिलेला दुसरा असतो. पहिल्यावर खानावळ चालते. दुसऱ्यावर माणसे टिकतात. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार अशाच बायकांच्या हातचे जेवून उभे राहिले. या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला कळले की हा घरातला किरकोळ उद्योग नसून शहराची एक यंत्रणाच आहे.

म्हणून आजीबाईंच्या गोष्टीतला पैसा लपवून ठेवावा असे मला वाटत नाही. आपल्या चरित्रलेखनाला ही एक खोड आहे. थोर माणूस म्हटला की त्याच्या हातात नाणे दिसता कामा नये! आजीबाईंच्या हातात नाणे होते आणि त्यांनी ते नीट सांभाळले. खानावळीच्या मिळकतीतून त्यांनी लंडनमध्ये घर घेतले, मग दुसरे घेतले, आणि असे करत अनेक घरांच्या त्या मालकीण झाल्या. अक्षर न येणारी बाई पौंड, शिलिंग, पेन्सांत हा कारभार करते, याचे कुणाला नवल वाटेल. पण जरा विचार करा. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. ही रीत तिकडे १९७१ च्या फेब्रुवारीपर्यंत होती. आपल्याकडे १९५७ पर्यंत बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता. आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीपासून सरकीच्या पोत्यापर्यंत पै-आण्यांचा हिशेब तोंडी करणाऱ्या आपल्या बायकांना बाराचा पाढा शिकवायला इंग्रज मास्तर नको होता. निरक्षर म्हणजे अडाणी, हे समीकरण आपण सुशिक्षितांनी आपल्या सोयीसाठी मांडले आहे.

वऱ्हाडात तर हे समीकरण टिकतच नाही. शेंडगावचे डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा, यांनाही शाळा लाभली नव्हती. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथल्या त्यांच्या धर्मशाळा बघा. गावोगावच्या लोकांकडून पै-पैसा गोळा झाला आणि त्याची अशी चिरेबंदी बांधकामे उभी राहिली. गाडगेबाबा विरक्त होते आणि आजीबाई धंदा करणाऱ्या. दोघांना एका तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही. पण परमुलखात आलेल्या माणसाला आधी छप्पर आणि भाकर लागते, बाकीचे मागून, ही जाण दोघांचीही सारखीच होती.

पैसा हाती आल्यावर बाईंनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी घराचे दार आणखी मोठे केले. घरात देवाची स्थापना करून मंदिर थाटले आणि ते सगळ्यांना खुले ठेवले. परदेशात देऊळ म्हणजे नुसती पूजेची जागा राहत नाही. तिथे बातमी कळते, नोकरीचा पत्ता मिळतो, सोयरीक जमते, आणि आजारी माणसाच्या उशाशी कोण बसणार ते ठरते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झालेले, भारताबाहेरच्या मराठी मंडळांत फार जुने. त्या मंडळाच्या कामात आजीबाईंचा हात मोठा होता. मंडळाला स्वतःची वास्तू मिळण्याच्या आधीचा तो काळ. अशा काळात मंडळे ठरावांवर कमी आणि चुलीवर जास्त चालतात. गणपतीचा उत्सव असो की कुणा पाहुण्याचे व्याख्यान, शंभर पानांचा स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न सुटला की बाकीचे सुटतात. देशातून जाणारे लेखक, पुढारी, कलावंतही आजीबाईंकडे हजेरी लावून येत. विलायतेला जाऊन आलेला मराठी माणूस राजवाड्याबरोबर आजीबाईंकडच्या जेवणाविषयीही सांगे, ही काय साधी गोष्ट झाली?

आणि ते नाव. राधाबाई लंडनला गेल्या तेव्हा पस्तिशीतल्या होत्या, आजी म्हणण्याचे ते वय नव्हे. आपल्या भाषेत वाढणाऱ्या बाईला मावशी म्हणतात, काकू म्हणतात, वहिनी म्हणतात. यांना लोकांनी एकदम आजी केले. मला वाटते यात एक बारकी गोष्ट आहे. मावशीशी थोडा हिशेब असतो, आजीशी नसतो. पैसे देऊन जेवणाऱ्यांनी जिला आजी म्हटले, तिने पैशांपलीकडचे काहीतरी दिले असलेच पाहिजे. सरकारी पदव्यांना छापील सनद असते. ही पदवी पंगतीत बहाल झाली आणि इतकी पक्की बसली की राधाबाई हे नाव आज मुद्दाम सांगावे लागते.

आता एक प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचा. ही हकीकत आपल्यापर्यंत आली कशी? लिहिणारा माणूस मागे काहीतरी ठेवून जातो. पत्रे, रोजनिशी, निदान सही. निरक्षर बाई काय ठेवणार? तिचा सारा दफ्तरखाना दुसऱ्यांच्या आठवणीत असतो, आणि ती माणसे गेली की तोही जातो. आजीबाईंचे नशीब असे की सरोजिनी वैद्य यांच्यासारख्या व्यासंगी बाईंनी त्यांचे चरित्र लिहिले, 'कहाणी लंडनच्या आजीबाईंची'. याच सरोजिनीबाईंनी काशीबाई कानिटकरांवर मोठे काम केलेले आहे. काशीबाई लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या आणि लेखिका झाल्या. त्यांचे स्वतःचे शब्द अभ्यासकाच्या हाताशी होते. आजीबाईंच्या बाबतीत तसला आधार नव्हता. एकाच लेखिकेने या दोघींना सारख्याच आदराने वाकून पाहिले, ही मला त्या पुस्तकाइतकीच मोलाची गोष्ट वाटते. पुढे आजीबाईंवर मराठी रंगभूमीवर नाटकही आले. शाळेच्या ग्रंथालयात हे पुस्तक असले तर सातवी-आठवीच्या मुलींना ते जरूर वाचायला द्यावे. नुसते स्फूर्तीसाठी म्हणून नव्हे, तर इतिहासाचे साधन म्हणूनही. त्यातून एखादी मुलगी आपल्या गल्लीतल्या खानावळवाल्या काकूंना विचारील की काकू, तुम्ही या गावात कोणत्या साली आलात, पहिला डबा कुणाला दिलात, तेव्हा भाकरीचे काय घेत होता. असल्या प्रश्नांची उत्तरे कुठल्याही सरकारी दप्तरात नसतात.

आजीबाई १९८३ साली वारल्या. लंडनमध्ये जुन्या घरांवर गोल पाट्या लावण्याची चांगली चाल आहे. अमुक थोर माणूस इथे राहत होता, असे त्यावर लिहिलेले असते. पाटण्याच्या दीन महंमद नावाच्या माणसाने १८१० साली लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढले. हिंदुस्थानी माणसाने विलायतेत चालवलेले ते पहिले उपाहारगृह. दोन वर्षांत बिचाऱ्याचे दिवाळे निघाले. पण त्या जागी पाटी लागली, २००५ साली. म्हणजे एकशे पंचाण्णव वर्षांनी. आजीबाईंना जाऊन अजून पन्नाससुद्धा झाली नाहीत.